मच्छी क्लबचा गोलकीपर

बेडशाचा सुहास ओव्हाळ फुटबॉलमध्ये शिरला तो पाण्याच्या मोटरीपायी. तोवर त्यानं फुटबॉल पाहिला होता तो फक्त टीव्हीवर, तोही चॅनल बदलता बदलता. बेडशात काय नि कामशेतात काय, पोरांच्या हातात बॅट. गावच्या टीमचा सुहास विकेटकीपर. उंच अंगलट, लांब हात, आणि बॉल तोंडावर आला तरी डोळे मिटायचे नाहीत, एवढीच त्याची खेळातली ओळख. आयटीआय करून तो लोणावळ्याला एका फिटिंगवाल्याच्या हाताखाली लागला आणि तुंगार्ली, भांगरवाडीकडच्या बंगल्यांच्या मोटरी, टाक्या, गिझर बघू लागला.

त्या बंगल्यांचं एक वेळापत्रक असे. मुंबईचे मालक शुक्रवारी संध्याकाळी यायचे, रविवारी जायचे. सोमवारी झाडलोट, चादरी धुणं. मंगळवार उजाडला की सगळीकडे सामसूम. मालक नाही, पाहुणे नाहीत, फाटकावर कुत्रं झोपलेलं. अशाच एका मंगळवारी दुपारी कुसगावच्या बाजूच्या एका बंगल्याची मोटर जळाल्याचा निरोप आला म्हणून सुहास पान्यांची पिशवी घेऊन गेला, तर फाटकाला कडी आणि आत कोणीच नाही. मागच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू येत होता. आवाजाच्या रोखानं तो कुंपणाच्या पलीकडे गेला. भात कापून झालेलं एक मोठं खाचर होतं आणि त्यात दहा-बारा नेपाळी वॉचमन आणि खानसामे फुटबॉल खेळत होते.

त्यातला एक बुटका, रुंद छातीचा माणूस धावत आला. हाच त्या बंगल्याचा राखणदार आणि खानसामा, टेकबहादूर गुरुंग. वय चाळीसच्या आसपास.

"मोटर बघायला आलोय," सुहास म्हणाला.

"चांगला झाला. आमचा कीपर सुट्टीवर गेला. तू उंच आहे. उभा राहा तिथे."

"अहो, पण मोटर..."

"मोटर कुठे पळतो?"

टेकबहादूरच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी होतं. बायको, मोटर, भाजी, सगळ्यांना तो एकच न्याय लावायचा. सुहासला हसू आलं आणि हसता हसता तो दोन बांबूंच्या मध्ये जाऊन उभा राहिला. पहिलाच बॉल उजवीकडून जोरात आला. सुहासनं विकेटमागं झेल घ्यावा तशी आडवी उडी मारली, बॉल छातीशी धरला आणि भाताच्या धसकटांवर कोपरं सोलून घेत पडला. सगळे वॉचमन धावत आले आणि त्याला उचलून नाचायला लागले. मोटर दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली.

पुढच्या मंगळवारी तो काही काम नसताना गेला.

क्लबचं नाव माछापुच्छ्रे फुटबॉल क्लब. टेकबहादूरच्या गावातून त्या नावाचं शिखर दिसतं. लोणावळ्यात ते कोणाच्या जिभेवर चढेना. बाजारातले लोक 'मच्छी क्लब' म्हणू लागले. टेकबहादूर आधी चिडला. मग कोणीतरी त्याला नावाचा अर्थ विचारला, तर म्हणाला, माशाचा शेपूट. त्यावर लोक असे हसले की नाव कायमचं चिकटलं.

टेकबहादूरला सगळी नेपाळी मंडळी 'दाइ' म्हणत, म्हणजे मोठा भाऊ. सुहासला ते जमेना. मराठीत दाई म्हणजे बाळंतपण करणारी बाई, असल्या आडदांड गड्याला दाई कसं म्हणायचं? 'दाजू' असाही एक शब्द त्यांच्यात होता. तो सुहासच्या तोंडात 'दाजी' झाला आणि तसाच राहिला. पुढं लग्न झाल्यावर त्याची बायको अनिता म्हणायची, "तुमाला भैन न्हाई, मग ह्यो दाजी कुटनं आला?"

ते खाचर कुसगावच्या महिपती तिकोन्यांचं होतं. महिपती आबा म्हणजे जुना शेतकरी, बोलायला फटकळ. तो कोणाला फुकट बांधावरही उभा करणारा नव्हता. पण एका वर्षी भात कापून पेंढ्या शेतात पसरलेल्या असताना दिवाळीनंतर अचानक आभाळ भरून आलं. आबाच्या घरची माणसं लग्नाला गेलेली. तो एकटाच धावपळ करत होता. टेकबहादूरनं कुंपणावरून पाहिलं आणि शिट्टी मारली. आजूबाजूच्या बंगल्यांतून वॉचमन बाहेर पडले, आणि पहिला थेंब पडायच्या आत सगळ्या पेंढ्या आबाच्या पडवीत. आबानं त्यांना चहा पाजला आणि म्हणाला, "भात निघालं की हितं खेळा. पेरणीच्या आदी रान माजं मला मोकळं करून द्या. बांधाला पाय लावायचा न्हाई."

तेव्हापासून दरसाल पावसाळ्यात मैदानावर इंद्रायणी तांदूळ उभा राही आणि दिवाळीनंतर पुन्हा मैदान वर येई. पहिले पंधरा दिवस धसकटं तुडवण्यात जात. सुहासनं भंगारातले जीआय पाइप आणून खरे गोलपोस्ट करून दिले. आबा बांधावर बसून बिडी ओढत बघे. त्याला ऑफसाइड काही शेवटपर्यंत कळलं नाही. पण गोल झाला की तो टोपी उडवायचा, मग तो कोणत्या का बाजूचा असेना.

क्लबचे चांगले दिवस आले ते निमामुळे. निमा हा खंडाळ्याच्या एका हॉटेलात भांडी घासणारा पोरगेला गडी, अंगानं काडी. पण बॉल पायात आला की तो कोणाला दिसायचाच नाही. पुढं निमा, मध्ये दाजी आणि मागं सुहास असं गणित जमलं आणि मच्छी क्लब कामशेतला जिंकला, वडगावला जिंकला. मग तळेगावच्या मोठ्या स्पर्धेत उतरला.

स्पर्धा असायची रविवारी. बंगल्यांवर काम करणाऱ्यांना रविवारी सुट्टी म्हणजे अशक्य गोष्ट. कोणी आजारी आजी काढली, कोणी दात दुखतो म्हणाला. दाजीनं मात्र मालकाला सरळ सांगितलं, "साहेब, मटण शिजवून ठेवला आहे. वाढून घ्या. मी फायनल खेळायला चाललो."

त्या फायनलला पुण्याचा संघ होता. बूट, मोजे, गुडघ्यांना पट्टे, सगळं चकाचक. सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. दाजी त्याच्या जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "त्याचा पाय नको बघू. विकेटच्या मागे उभा आहेस, असा समज. बॉल बघ." सुहासनं बॉल बघितला. शेवटचा फटका त्याच्या बोटांना लागून खांबाबाहेर गेला, आणि नंतर काय झालं ते त्याला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की टेम्पोतून परत येताना सगळे नेपाळी गाणं म्हणत होते, शब्द कळत नव्हते, आणि तो सगळ्यांत मोठ्यानं गात होता. कुसगावात महिपती आबानं सगळ्यांना झेंडूचे हार घातले.

त्याच हिवाळ्यात सुहासचं लग्न झालं. बेडशाच्या विहारात सगळा मच्छी क्लब इस्त्रीचे शर्ट घालून आला आणि मागं ओळीनं बसला. वंदना सुरू झाली, 'बुद्धं सरणं गच्छामि', आणि मागून जाड आवाजात साथ आली. मांडवातल्या बायकांनी माना वळवल्या. वॉचमन लोक हात जोडून, डोळे मिटून म्हणत होते. सुहासचे वडील हनुमंतभाऊ छप्पन्न साली आईच्या कडेवर बसून दीक्षेला गेलेले. त्यांनी दाजीला विचारलं, "तुमाला कसं येतंय हे?"

"आमच्या गावात लामा असतो ना. आणि लुंबिनी आमच्याकडेच आहे, बाबा."

हनुमंतभाऊंनी त्याला आपल्या शेजारी बसवून जेवायला वाढलं. दुपारी वऱ्हाड झोपलं तेव्हा ते स्वतः सगळ्या टीमला घेऊन लेणी दाखवायला डोंगर चढून गेले. त्या दिवसापासून घरात सणासुदीचं ताट दाजीसाठी बाजूला निघू लागलं.

असे दहा-बारा हंगाम गेले. एके काळी तर एवढी माणसं झाली की दोन टीम कराव्या लागल्या. आणि मग क्लब ओसरू लागला. कोणी भांडलं नाही, कोणी रुसलं नाही. पाणी कसं खाचरातून जातं, नुसतं बघताना कळत नाही, तसं झालं.

आधी निमा कतारला गेला. तिकडं जास्त पैसे होते, त्याला कोण थांबवणार? त्याच्या मागोमाग आणखी काही गेले, कोणी मलेशियाला, कोणी दुबईला. मग लॉकडाऊन लागला. बंगले बंद, पगार बंद. निम्मा क्लब मिळेल त्या गाडीनं सीमेपर्यंत गेला आणि तिकडचाच झाला. लॉकडाऊन उठला तेव्हा बंगले उघडले, पण ते आता बंगले राहिले नव्हते. त्यांचे व्हिला झाले होते. रोज भाड्यानं, रोज नवी गिऱ्हाइकं. मंगळवारीही स्विमिंग टँकवर गाणी वाजू लागली. वॉचमनच्या जागी कॅमेरे आले, आणि जी माणसं कामाला आली ती एजन्सीची. तीन महिने इथं, तीन महिने महाबळेश्वरला. त्यांना क्लबात कधी घ्यायचं आणि कसं?

लोणावळ्यातला मंगळवारच संपला, म्हणाना.

राहिले दाजी आणि सुहास. दाजीचा मालक म्हातारा, त्याला व्हिला करायचा नव्हता, म्हणून दाजीची नोकरी टिकली. सुहासचा आता स्वतःचा धंदा होता, हाताखाली दोन माणसं, मुलगी तेजल शाळेत. मंगळवारी दुपारी तो काम टाकून कुसगावला जायचा. दाजी आधीच आलेला असायचा. कधी जुन्यांपैकी दोघं-तिघं यायचे. कधी कोणीच नाही. मग दाजी पेनल्टी मारायचा आणि सुहास अडवायचा. दाजी साठीला टेकलेला, त्याचा फटका आता गडगडत यायचा. सुहासचा उजवा गुडघा जिना चढताना करकर वाजायचा. तरी तो उडी मारायचा. फटका हातानं सहज अडवता आला असता, पण दाजीला वाईट वाटू नये म्हणून तो मुद्दाम आडवा पडायचा.

संध्याकाळी अनिता गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवताना म्हणायची, "किती दिस चालवायचं हे?"

"दाजींचं दुसरं काय हाय गं हितं? बायको-पोरं तिकडं. ह्यो क्लब गेला तर मानूस खचंल."

"मग सांगा की त्यास्नी, गुडगा गेलाय म्हनून."

"न्हाई सांगवत."

ती पिशवी जरा जोरात दाबायची.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला तळेगावच्या स्पर्धेच्या माणसाचा सुहासला फोन आला. स्पर्धेला बरीच वर्षं झाली होती, म्हणून जुने विजेते क्लब बोलवायचे ठरलं होतं. मच्छी क्लब येणार ना?

सुहासच्या मनात आलं, सरळ नाही म्हणावं. पण दाजीला न विचारता नाही कसं म्हणायचं? उद्या त्याला कुठून कळलं तर? मंगळवारी त्यानं विषय काढला, आणि बोलताना दाजीकडं बघितलंसुद्धा नाही.

"तळेगाववाल्यांनी बोलावलंय. आता मानसं न्हाईत, जमंल न जमंल... तुमी म्हनाल तसं."

दाजी थोडा वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. मग म्हणाला, "तुझा मन आहे?"

"माजं काय, तुमचं असंल तर माजं हायच."

"मग उतरू," दाजी म्हणाला.

"उतरू की," सुहास म्हणाला, आणि घरी येईपर्यंत त्याचं डोकं दुखायला लागलं.

पुढचे दिवस माणसं गोळा करण्यात गेले. दाजी व्हिलांच्या मागच्या दारांनी हिंडला. सुहासनं गावच्या क्रिकेटवाल्यांचे पाय धरले. त्याच्या स्वप्नात येऊ लागलं की गोल कुसगावच्या खाचराएवढा रुंद झालाय आणि तो एकटाच मध्ये उभा आहे. हो हो म्हणणारे अकराच्या वर होते. पण रविवारी सकाळी तळेगावच्या मैदानावर उतरले ते सहा. सुहास. दाजी, अर्ध्या चड्डीत, पोट आत ओढून. जुन्यांपैकी दोघं. एका व्हिलातला आसामचा एक गडी. आणि बेडशाचा आकाश, सुहासचा चुलतभाऊ, ज्यानं आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता. बाकीच्यांचे फोन बंद, नाहीतर 'पार्टी आलीये, सुटत नाही'.

समोरचा संघ पंचविशीतल्या पोरांचा. ती पोरं रिंगण करून उड्या मारत होती, अंग मोकळं करत होती. त्यांच्याकडं बघून सुहासचा गुडघा आपोआप करकरला.

पंच शिट्टी गळ्यात अडकवून आला. "किती जण तुम्ही?"

"सहा," सुहास म्हणाला.

"सहावर नाही खेळवता येणार. सात तरी पाहिजेत, नियमच आहे. पंधरा मिनिटं थांबतो. कोणी आलं तर ठीक, नाहीतर समोरच्यांना पुढे चाल."

पंच गेला. सुहास आणि दाजी रेषेवर उभे राहिले. सुहास फाटकाकडं बघत होता. रिक्षा थांबली की त्याचा जीव वरखाली व्हायचा आणि रिक्षातून भलतंच कोणी उतरलं की छातीतला श्वास सुटायचा. श्वास सुटतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. एवढी वर्षं ज्या क्लबनं आपल्याला माणसात आणलं, त्या क्लबाला माणूस मिळू नये असं आपल्याला वाटतंय? त्यानं चोरून दाजीकडं बघितलं. दाजीही फाटकाकडंच बघत होता. कपाळावर घाम.

वेळ संपत आली. पंच हातातल्या घड्याळाकडं बघत निघाला. तेवढ्यात प्रेक्षकांतून ट्रॅकसूट घातलेला एक धट्टाकट्टा तरुण दोरीखालून वाकून आत आला.

"काका, एकच कमी आहे ना? मी येऊ का? बूट आहेत माझ्याकडं. कॉलेजच्या टीमकडून फॉरवर्डला खेळतो."

"नको!"

सुहास आणि दाजी दोघंही एकदम ओरडले. एका दमात, एका सुरात. तो तरुण बिचारा दचकून दोन पावलं मागं सरला. पंच थबकला. आकाशनं पाण्याची बाटली तोंडाशी नेली होती ती तशीच राहिली.

सुहासनं दाजीकडं बघितलं. दाजीनं सुहासकडं बघितलं.

"तू का नको म्हणाला?" दाजीनं विचारलं.

"तुमी का म्हनला?"

दाजीचं आत ओढलेलं पोट आधी बाहेर आलं. मग खांदे हलायला लागले. मग तो खाली गवतावर बसला आणि एवढा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. सुहास त्याच्या शेजारी बसला, म्हणजे गुडघा धरत धरत आधी एक पाय, मग दुसरा.

"गुडगा गेलाय माजा, दाजी. कधीचाच."

"मला माहीत आहे. पडतोस तेव्हा आवाज येतो. मला वाटायचा, तुला लय आवड आहे. म्हणून रोज देवाला सांगायचो, याचा गुडघा टिकव."

"आवड? आवो, मी तुमच्यासाठी यायचो! म्हनलं क्लब बंद झाला तर तुमी एकटं पडाल."

"मी?" दाजीनं कपाळावर हात मारला. "तीन वर्ष झाले, माझा बायको फोनवर रडतो. ये म्हणतो. नातू झाला, घर पक्का बांधला, ये. साहेब पण म्हणतात, टेक, जा आता. मी म्हणतो, तिकडे जाऊ कसा? इथे सुहास एकटा मैदानावर उभा राहील. त्याचा तोंड कसा होईल?"

छातीवरून मोठा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं सुहासला झालं. तो आडवा झाला, गवतावर पाठ टेकली आणि आभाळाकडं बघत राहिला. पंच जवळ येऊन म्हणाला, "काय ठरलं? खेळताय का?"

"न्हाई साहेब," सुहास पडल्या पडल्या म्हणाला. "द्या त्यास्नी पुढं चाल. लय चांगली पोरं हायती."

पंचानं शिट्टी वाजवली. समोरच्या कॅप्टननं येऊन हात मिळवला. आयोजकांनी माइकवरून मच्छी क्लबचं नाव घेतलं, जुन्या फायनलची आठवण काढली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहाही जण उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या घेतल्या. आकाशनं सगळ्यांत जास्त घेतल्या, जसं काही ती फायनल त्यानंच मारली होती.

नंतर ते घरी गेले नाहीत. भेळ घेतली आणि मांडवाच्या सावलीत बसून दिवसभर दुसऱ्यांचे सामने बघितले. सुहासनं इतक्या वर्षांत फुटबॉल असा निवांत बसून कधी बघितलाच नव्हता. "तो कीपर बघ, पुढे किती येतो," दाजी म्हणायचा. "अन् त्यो पाच नंबर, नुसता केस सावरतोय," सुहास म्हणायचा. कोण जिंकतंय याचं दोघांनाही काही नव्हतं.

संध्याकाळी अनिता दारातच उभी होती. तिनं सवयीनं पाणी तापत ठेवलं होतं.

"किती गोल खाल्ले?"

"एक बी न्हाई."

"म्हंजे जिकला?"

"खेळलोच न्हाई." आणि त्यानं सगळं सांगितलं. ऐकताना अनिताचा चेहरा आधी आ वासलेला, मग रागावलेला आणि शेवटी पदर तोंडाला लावून ती खदखदा हसायला लागली. "चार वर्सं! चार वर्सं तुमी त्येंच्यासाठी पडला आन त्ये तुमच्यासाठी मारत राहिले! दोगांच्या बी डोक्यात एकदा इचारावं म्हनून आलं न्हाई?"

"न्हाई आलं."

"बरं झालं मानसं आली न्हाईत बाई," ती म्हणाली आणि चुलीवरचं पाणी तिनं आंघोळीला काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं कुसगावला महिपती आबाकडं गेले. एवढी वर्षं रान दिलं त्याला सांगायला तर हवं. आबा आता काठी टेकत चालायचा. ओसरीवर बसून त्यानं ऐकून घेतलं. सुहासला वाटत होतं, म्हातारा हळहळणार. आबानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"सुटलो बाबा," तो म्हणाला.

"म्हंजे, आबा?"

"आरं, भातामागं त्या रानात पूर्वी मी वाल पेरायचो. कसला वाल यायचा! तुमची सगळी टीम व्हती तवर ठीक होतं, पोरं खेळत्यात, बरं वाटायचं. पर ही चार वर्सं तुमी दोगंच. दोन मानसांसाठी आख्खं रान पडीक. सून रोज बोलती. पर मी कुटल्या तोंडानं सांगनार? म्हनलं, एवढी वर्सं खेळली, आता म्हातारपनी काय हाकलायचं."

दाजी आणि सुहास एकमेकांकडं बघत राहिले. मग तिघंही हसायला लागले. आतून सून चहा घेऊन आली, तर तिला कळेना, हे तिघं येडे झाले की काय. पावसाळ्याआधी सुहासनं आपल्या हातानं गोलपोस्ट उपटले. आबानं पाइप गोठ्याला लावून घेतले.

दाजीनं तरी भात निघेपर्यंत थांबायचं ठरवलं. म्हाताऱ्या मालकाला नवा खानसामा शोधून दिला, त्याला मटणाचा रस्सा शिकवला. ते सगळे महिने सुहास आणि तो मंगळवारी भेटायचेच. फक्त आता बाजारात चहा प्यायचे, नाहीतर सुहासच्या गाडीवर मागं बसून दाजी त्याच्या कामावर जायचा आणि टाकीवर चढलेल्या सुहासला खालून फुकटचे सल्ले द्यायचा. दोघांची दोस्ती एवढी मोकळी पूर्वी कधी नव्हती. आधी मधे बॉल असायचा आणि बॉलमागं बरंच काही न बोललेलं.

दिवाळी झाल्यावर गोरखपूरकडं जाणाऱ्या गाडीचं तिकीट निघालं. अनितानं चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि इंद्रायणी तांदळाची पिशवी बांधून दिली. तेजलनं नातवासाठी लाकडी बैलगाडी दिली. हनुमंतभाऊ थकले होते, त्यांनी अंथरुणावरूनच दाजीच्या डोक्यावर हात ठेवला.

पुणे स्टेशनवर सुहास त्याला सोडायला गेला. सामान बाकाखाली सरकवून झालं. दाजी दारात उभा राहिला, सुहास खाली फलाटावर. दोघांनाही वाटत होतं, आता रडू येणार. वाट बघितली.

"काय रे," दाजी म्हणाला, "रडू येत नाही. मला वाटला होता लय येईल."

"मला बी न्हाई येत."

"वाईट माणसं आहोत का आपण?"

"न्हाई वो. आता तुमी घरी चाललाय. घरी जानाऱ्यासाठी कोन रडतंय?"

दाजीला ते पटलं. त्यानं मान हलवली. गाडी हलली तेव्हा त्यानं हात उंच केला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच दारात उभा होता, मागून कोणीतरी आत सरका म्हणून ओरडत असताना.

सुहासनं स्टेशनबाहेर चहा घेतला आणि लोणावळ्याकडं जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा धरली. डबा निम्मा रिकामा होता. शिवाजीनगर गेलं, खडकी गेलं. त्यानं दुखरा पाय समोरच्या बाकावर लांब केला. कोणाला काही सांगायचं राहिलं नव्हतं, कोणापासून काही लपवायचं नव्हतं. देहूरोड केव्हा आलं ते त्याला कळलं नाही. उतरायचं कामशेतही कळलं नाही. कोणीतरी खांदा हलवला तेव्हा गाडी मळवलीला उभी होती. तो गडबडीनं उतरला. फलाटावर उभं राहून त्यानं अनिताला फोन लावला.

"कुटं हाय?" तिनं विचारलं.

"मळवलीला. झोप लागली, पुढं आलो."

"तुमाला? गाडीत? बसल्या जागी कवा डोळा लागत न्हाई तुमचा."

"आज लागला."

ती म्हणाली, "बरं, मग या सावकाश. भात मागनं टाकते."

उलटी गाडी यायला बराच वेळ होता. ऊन विसापूरच्या डोंगरावरून उतरत होतं. सुहास बाकावर बसला, पाय पसरले आणि गाडीची वाट बघत राहिला.